अक्षराचं माप राखणारी लेन्स: जुन्या पाट्यांसाठी कॅनन टीएस-ई २४ मिमी एफ/३.५ एल २

हाताने रंगवलेल्या जुन्या पाटीच्या फोटोत रंग थोडा इकडेतिकडे झाला तर नंतर सुधारता येतो. अक्षराचं माप बिघडलं तर पाटीच बिघडली. रंगाऱ्याने सुतळीने रेघा मारल्या, खडूने अक्षरं बेतली, दोन अक्षरांत किती जागा सोडायची ते डोळ्यांनी ठरवलं. त्याचा हात ओळखायचा तो या मापांवरून. आणि पाट्या असतात डोक्याच्या वर. त्या चौकटीत घ्यायला कॅमेरा वर वळवला, की भिंत मागे कलते, वरची ओळ आक्रसते आणि भरदार ठळक अक्षर निमुळतं होऊन बसतं. शहरात रोज एखादी पाटी फ्लेक्सखाली गाडली जात असताना तिची शेवटची नोंद अशी वाकडी राहावी, हे पटत नाही.

यावर खरा उपाय म्हणजे शिफ्ट लेन्स. त्यातल्या कॅननच्या टीएस-ई २४ मिमी एफ/३.५ एल २ या लेन्सचं हे परीक्षण फक्त एका कामाच्या नजरेतून केलं आहे: जुन्या पाट्या, भिंतीवरच्या फिकट जाहिराती, निऑनच्या नळ्या, इनॅमलच्या पट्ट्या, रस्त्यातली बिडाची झाकणं. लेन्स २००९ सालची आहे. १९९१ साली आलेल्या पहिल्या टीएस-ई २४ मिमीची ही दुसरी आवृत्ती. वजन ७८० ग्रॅम, पुढचा फिल्टर ८२ मिमीचा, फोकस पूर्णपणे हाताने. ऑटोफोकस नाही, स्थिरीकरण नाही. शिफ्ट म्हणजे लेन्स सरकवणं, दोन्ही बाजूंना १२ मिमी; टिल्ट म्हणजे लेन्स तिरकी कलवणं, ८.५ अंश.

शिफ्ट म्हणजे काय, तर कॅमेरा जागच्या जागी भिंतीशी समांतर ठेवायचा आणि फक्त लेन्स वर, खाली किंवा बाजूला सरकवायची. फुल-फ्रेम, म्हणजे ३६ बाय २४ मिमीच्या, सेन्सरचा कर्ण साधारण ४३.३ मिमी असतो आणि नेहमीची लेन्स तेवढ्यापुरतंच प्रतिमेचं वर्तुळ पाडते. ही लेन्स ६७.२ मिमी व्यासाचं वर्तुळ पाडते. लेन्स सरकवली की या मोठ्या वर्तुळातला वेगळा तुकडा सेन्सरवर येतो. कॅमेरा वळलेला नसल्यामुळे उभ्या रेघा उभ्याच राहतात.

रस्त्यावर याचा हिशेब फार सोपा आहे आणि तो पाठच असावा. कॅमेरा आडवा धरून लेन्स पूर्ण १२ मिमी वर सरकवली, तर कॅमेऱ्याच्या उंचीची रेघ चौकटीच्या अगदी तळाला येते आणि भिंतीपासून जितके दूर उभे असाल तितकीच उंची वर मावते. भिंत १० मीटरवर असेल तर कॅमेऱ्यापासून १० मीटर वर. कॅमेरा दीड मीटरवर असेल तर जमिनीपासून साडेअकरा मीटर. कॅमेरा उभा धरला तर अंतराच्या सव्वापट, म्हणजे १० मीटरवरून साडेबारा मीटर वर आणि अडीच मीटर खाली. शिफ्ट न करता तीच लेन्स आडवी धरली तर अंतराच्या निम्मी उंची मिळते, उभी धरली तर पाऊणपट. चार मीटरच्या बोळात मात्र हाच हिशेब आडवा येतो. उभ्या चौकटीतही कॅमेऱ्याच्या वर पाचच मीटर मिळतात. पहिल्या मजल्याची पाटी निघते, दुसऱ्याची नाही. तिथे टीएस-ई १७ मिमी एफ/४ एल हवी. तिची शिफ्टही १२ मिमीच आहे, पण उभ्या चौकटीत तेवढ्याच अंतरावरून सात मीटर वर जाता येतं. मात्र तिची पुढची काच फुगीर आहे आणि तिच्यावर साधा स्क्रूचा फिल्टर बसत नाही. पाट्यांच्या कामात ही उणीव जाणवते.

सॉफ्टवेअरने रेघा सरळ होतातच की, मग एवढा खटाटोप कशाला? हा प्रश्न रास्त आहे, म्हणून त्याचं उत्तर आकड्यांत देतो. भिंत १० मीटरवर आहे, पाटी कॅमेऱ्यापासून १० मीटर वर आहे आणि कॅमेरा ३० अंश वर वळवला आहे असं धरा. पाटीच्या पातळीवरची रुंदी कॅमेऱ्याच्या पातळीवरच्या रुंदीच्या ६३ टक्के भरते. उंचीची दिशा तर आणखी दबते, ती ४० टक्क्यांवर येते. ती चौकट सरळ करताना सॉफ्टवेअरला पाटीचा भाग खालच्या भागाच्या मानाने आडवा सुमारे १.६ पट आणि उभा अडीचपट ताणावा लागतो. म्हणजे ज्या भागासाठी फोटो काढला, नेमका तोच भाग सगळ्यात जास्त ताणलेला. ब्रशच्या फटकाऱ्याच्या कडा, रंगाचे पोपडे, अक्षराखालून डोकावणारा आधीचा रंग हे सगळं मऊ होऊन जातं. दुसरी अडचण जास्त फसवी आहे. उभं किती आणि आडवं किती ताणायचं हे सॉफ्टवेअर अंदाजाने ठरवतं, विशेषतः फोटो आधी कापलेला असला तर. रेघा सरळ दिसतात, डोळा समाधान पावतो, आणि अक्षरं दहा टक्के उंच झालेली कुणाच्या लक्षातही येत नाहीत. असे सुधारलेले फोटो हाताशी असतील तर चौकटीतली एखादी मोजता येणारी वस्तू, एखादी फरशी किंवा दाराची फळी, टेपने मोजून घ्या आणि फोटोतलं उंची-रुंदीचं प्रमाण तिच्याशी ताडून बघा.

शिफ्ट लेन्सशिवायही एक प्रामाणिक मार्ग आहे. साधी १४ मिमी लेन्स घ्या, कॅमेरा उभा आणि अगदी सपाट धरा, वरचा भाग ठेवून बाकीचा कापून टाका. उंची अंतराच्या जवळजवळ १.२९ पट मिळते, म्हणजे या लेन्सच्या पूर्ण शिफ्टपेक्षा किंचित जास्तच. माप शाबूत राहतं. किंमत मोजावी लागते ती तपशिलात, कारण पाटीवर पडणारे पिक्सेल २४ मिमीच्या मानाने एक तृतीयांश उरतात. सेन्सर ४५ मेगापिक्सेलचा असेल आणि फोटो पडद्यावरच पाहायचे असतील तर एवढं पुरतं. मोठी छपाई किंवा संग्रहासाठी नोंद करायची असेल तर पुरत नाही.

भिंतीसमोर उभं राहिल्यावर

या लेन्सकडून चांगलं काम घ्यायचं तर क्रम पाळावा लागतो. आधी कॅमेरा पाणसळीत आणायचा, डावी-उजवी आणि पुढे-मागे अशा दोन्ही दिशांनी. कॅमेऱ्यातली इलेक्ट्रॉनिक लेव्हल या कामाला चालते. मग भिंतीशी समांतर. नेमकी ही पायरी बहुतेकांकडून सुटते, आणि पाटीची डावी कड उजवीपेक्षा उंच दिसू लागली की दोष लेन्सला दिला जातो. समांतर करायला तळहाताएवढा सपाट आरसा पुरतो. लेन्सच्या उंचीवर तो भिंतीला चिकटवून धरायला कुणाला तरी सांगा, शिफ्ट शून्यावर ठेवा आणि लाइव्ह व्ह्यूमध्ये, म्हणजे कॅमेऱ्याच्या पडद्यावरच्या थेट चित्रात बघा. आरशात दिसणारं लेन्सचं काळं वर्तुळ चौकटीच्या बरोबर मध्यखुणेवर आलं की सेन्सर भिंतीशी समांतर झाला. गिलावा उंचसखल असेल तर आरसा दोन हात लांब सरळ फळीला बांधून ती फळी भिंतीला टेकवा, म्हणजे खाचाखळग्यांचा परिणाम राहत नाही. हा खटाटोप दोन मिनिटांचा आहे आणि घरी जाऊन तासभर रेघा ओढण्यापेक्षा कितीतरी बरा.

एक खाच इथे ध्यानात ठेवावी. दुकानावरच्या जुन्या लाकडी पाट्या पुष्कळदा भिंतीशी समांतर नसतात. खालून वाचता यावी म्हणून पाटीची वरची कड पुढे कललेली असते. बाजूने बघितलं की कळतं, आणि फोनच्या कोनमापकाने अंशही मोजता येतात. अशा पाटीला भिंतीच्या ओळंब्याने टिपलं तर अक्षरं किंचित दबलेली येतात. म्हणून दोन चौकटी घ्याव्यात. एक इमारतीच्या ओळंब्यात, पाटी मूळ जागी कशी दिसे ते दाखवणारी. दुसरी पाटीच्या कलाइतकाच कॅमेरा वर कलवून, पाटीशी समांतर. अक्षरांचा अभ्यास करायचा तर दुसरी वापरावी, आणि दोन्हींच्या नोंदी वेगवेगळ्या ठेवाव्यात.

समांतर झाल्यावर उजेड मोजायचा, तोही शिफ्ट करायच्या आधी. आत आरसा असलेल्या एसएलआर कॅमेऱ्यात लेन्स सरकवली की कॅमेऱ्याचा उजेडमापक चुकीचं वाचतो, म्हणून शून्यावर मोजून आकडे मॅन्युअलवर पक्के करावेत. आरसा नसलेल्या (मिररलेस) कॅमेऱ्यात सेन्सरच मोजत असल्यामुळे हा त्रास फारसा नाही. मग टिल्ट शून्यावर आहे ना, हे बोटाने आणि डोळ्याने तपासा. या आवृत्तीत टिल्टला वेगळं लॉक आहे आणि ते बंदच ठेवावं. पिशवीतून काढताना टिल्ट अर्धा अंश सरकला तरी पाटीची एक बाजू धारदार आणि दुसरी लोण्यासारखी येते. कॅमेऱ्याच्या छोट्या पडद्यावर ते दिसत नाही, घरी मोठं करून पाहिल्यावरच उघड होतं.

आता लेन्स सरकवा आणि शिफ्टचं लॉक आवळा. लेन्सचं पुढचं वजन खाली ओढत असतं. लॉक सैल असेल, त्यात जड फिल्टर लावलेला असेल, तर एक-दोन मिलिमीटर हळूच उतरतात आणि लागोपाठ काढलेल्या चौकटी एकमेकींवर बसत नाहीत. फोकस शिफ्टनंतरच करायचा, लाइव्ह व्ह्यू दहापट मोठा करून थेट अक्षराच्या कडेवर. एफ/८ला या लेन्सची हायपरफोकल मर्यादा, म्हणजे जिथे फोकस केलं की पुढचं दूरवरचं सगळं धारदार धरलं जातं ते अंतर, साधारण २.४ मीटर येते. पण त्या भरवशावर राहू नका. तो हिशेब ‘चालेल इतपत धारदार’चा आहे, आणि पाटीची धार चालेल इतपत असून भागत नाही. अ‍ॅपर्चर म्हणजे लेन्सचं छिद्र एफ/८ ते एफ/११ ठेवावं. पूर्ण शिफ्टमध्ये वर्तुळाच्या कडेचा भाग वापरला जातो. उभ्या चौकटीत टोकाचा कोपरा मध्यापासून ३२.३ मिमीवर जातो आणि वर्तुळाची त्रिज्या आहे ३३.६. म्हणजे अगदी काठावर. तिथे एफ/३.५ आणि एफ/४ वर कोपरे काळवंडतात आणि मऊ पडतात. एफ/१६च्या पुढे विवर्तनामुळे, म्हणजे बारीक छिद्रातून जाताना प्रकाश पसरल्यामुळे, सगळंच मऊ होतं.

ट्रायपॉड लावू देत नाहीत अशा जागी हातात धरूनही काम होतं. पडद्यावर दोन्ही अक्षांची लेव्हल सुरू ठेवा, कोपर छातीला टेकवा, १/१२५ किंवा त्याहून जलद शटर ठेवा आणि एकाच पाटीच्या सहा-सात चौकटी घ्या. एक-दोन तरी पाणसळीत निघतातच.

लांबलचक पाटीसाठी शिफ्टचा दुसरा उपयोग आहे. कॅमेरा आडवा ठेवून लेन्स १२ मिमी डावीकडे, मग मध्ये, मग १२ मिमी उजवीकडे अशा तीन चौकटी घेऊन जोडल्या, की ६० बाय २४ मिमीच्या सेन्सरइतकी रुंद प्रतिमा मिळते आणि तिच्यात गोलाईची विकृती नसते. सपाट पाटीवर सांधा कुठे आहे ते कळतही नाही. पाटीच्या पुढे वीजवाहिन्या किंवा खांब असेल तर मात्र लेन्स सरकल्यामुळे तारा तुटक येतात. तेव्हा लेन्स जितकी डावीकडे सरकवली तितके मिलिमीटर कॅमेरा उजवीकडे न्यायचा, म्हणजे लेन्स जागेवर राहते आणि सरकतो फक्त सेन्सर. त्यासाठी ट्रायपॉडवर मोजपट्टी असलेली सरकपट्टी लागते.

चकाकी, आरसे आणि टिल्ट

इनॅमलच्या पाट्यांवर आकाश चकाकतं आणि पोलरायझर या चकाकी कापणाऱ्या फिल्टरने ते जाईल अशी सगळ्यांची समजूत असते. पोलरायझर काचेसारख्या पृष्ठभागावरची चकाकी सगळ्यात चांगली कापतो ती लंबापासून सुमारे ५६ अंशांवर. पाटीला अगदी समोरून, लंब दिशेने टिपताना तो जवळजवळ निरुपयोगी असतो. मग समोरून टिपलेल्या चकचकीत पाटीत किंवा दुकानाच्या काचेत कॅमेरा आणि आपण स्वतः दिसतो, त्याचं काय करायचं? इथे ही लेन्स तिच्या किमतीचं सोनं करते. पाटीच्या बरोबर समोर उभंच राहायचं नाही. कॅमेरा समांतर ठेवून बाजूला सरका आणि लेन्स उलट दिशेने शिफ्ट करून पाटी चौकटीत ओढा. पूर्ण शिफ्टमध्ये अंतराच्या निम्म्याइतकं बाजूला होता येतं. पाटी दोन मीटरवर असेल तर एक मीटर. प्रतिबिंब पाटीवरून उतरून चौकटीच्या कडेकडे जातं, आणि पाटी तरीही समोरून टिपल्यासारखी चौकोनी राहते. ते चौकटीच्या बाहेर पूर्णपणे जाईल याची खात्री नाही, पण अक्षरांवरून नक्की हलतं. पाटीसमोरचा खांब किंवा उभी गाडी चुकवायलाही हीच युक्ती चालते.

काचेच्या मागून सोन्याचा वर्ख लावलेली अक्षरं हा या कामातला सगळ्यात नाजूक प्रकार. वर्ख हा आरसाच असतो. समोर काळोख असेल तर अक्षर काळं, उजळ भिंत असेल तर ते सोनेरी. बाजूला सरकून शिफ्ट केलं, की वर्खात समोरचं नेमकं काय दिसावं हे ठरवता येतं. आपल्या बाजूने एक मोठा पांढरा पुठ्ठा उभा धरला तर अक्षरं भरून येतात आणि वर्खाच्या पानांचे चौकोनी सांधे, अक्षरांच्या काळ्या किनारीत पडलेल्या बारीक भेगा, जिथे वर्ख उडून मागचा रंग डोकावतो ते ठिपके, सगळं वाचता येतं. पुठ्ठ्याची कड अक्षराच्या मध्यातून जाऊ देऊ नका, नाहीतर अर्धं अक्षर पेटलेलं आणि अर्धं विझलेलं येतं.

टिल्टबद्दल थोडक्यात, कारण पाट्यांच्या कामात तो कमी लागतो. अरुंद बोळात भिंतीच्या कडेने उभं राहून लांब पाटी तिरकी टिपायची असेल, तर लेन्स आडवी टिल्ट करून फोकसचं प्रतल भिंतीवर लोळवता येतं. त्याला लागणारा कोन लोकांच्या कल्पनेपेक्षा फार लहान असतो. २४ मिमीला भिंत लेन्सपासून सुमारे १.४ मीटरवर असेल तर एक अंश, पावणेतीन मीटरवर असेल तर अर्धा. लोक उत्साहाने पाच-सहा अंश देतात आणि सगळी भिंत धूसर करून घेतात.

निऑन, फिकट भिंती आणि पायाखालचं लोखंड

निऑनच्या पाटीची वेळ सूर्यास्तानंतरची वीस ते तीस मिनिटं. आकाशात निळा उजेड उरलेला असताना नळ्यांमागची पत्र्याची चौकट आणि आधार दिसतात. पुढे गडद झालं की हवेत लटकणारी लाल रेघच उरते. १९१० साली जॉर्ज क्लोद यांनी पॅरिसमध्ये दाखवलेला दिवा खऱ्या निऑन वायूचा, म्हणून तांबडा. निळा प्रकाश बहुधा आर्गॉन आणि पाऱ्याचा असतो. तांबड्या नळीत लाल चॅनेल, म्हणजे फोटोतला लाल रंगाचा थर, बाकीच्यांच्या फार आधी भरून फुटतो. एकत्रित हिस्टोग्राम (उजेडाचा आलेख) सगळं ठीक दाखवतो आणि नळीचा गाभा पांढरा झालेला असतो. म्हणून तिन्ही रंगांचा वेगळा हिस्टोग्राम लावा आणि लालवर नजर ठेवा. एकेका स्टॉपच्या अंतराने, म्हणजे दर वेळी उजेड निम्मा किंवा दुप्पट करत, चार-पाच चौकटी घेणं चांगलं. ५० हर्ट्झच्या विजेवर जुन्या रोहित्राची नळी सेकंदाला १०० वेळा मंद-तेज होते, ६० हर्ट्झवर १२० वेळा. तेव्हा शटर अनुक्रमे १/५० किंवा १/६० हून जलद ठेवू नका, नाहीतर नळीवर पट्टे येतात. शेजारी एलईडीची पाटी असेल तर इलेक्ट्रॉनिक शटर बंद करून यांत्रिक शटर वापरा. आणि हीच पाटी दिवसा, विझलेली असतानाही टिपा. नळी कुठे वाकवली, दोन अक्षरांमधला न दिसावा असा भाग काळ्या रंगाने कसा झाकला, काचेचे आधार कुठे बसवले ही कारागिरी दिवसाच दिसते.

विटांच्या भिंतीवरच्या फिकट जाहिरातींना ऊन आणि पाऊस दोन्ही लागतं. भिंत ओली झाली की विटा गडद होतात आणि अक्षरं उठून दिसतात, म्हणून पाऊस थांबल्यावरचा पहिला तास सोडू नये. पोपडे आणि उठाव दाखवायचे असतील तर भिंतीला घासून जाणारं सकाळचं किंवा संध्याकाळचं ऊन हवं. एकावर एक रंगवलेल्या दोन-तीन जाहिराती वेगळ्या करायला ढगाळ दिवसाची सपाट चौकट बरी, कारण नंतर एकेक रंगाचा चॅनेल वेगळा करून बघता येतो. पिवळट, उडालेली अक्षरं निळ्या चॅनेलमध्ये गडद होऊन पुढे येतात. गुहाचित्रांसाठी वापरलं जाणारं डीस्ट्रेच नावाचं रंग ताणणारं साधनही इथे चमत्कार करतं. मात्र ते वाचनासाठी. मूळ रंगाची नोंद म्हणून ती प्रत कधीही ठेवू नये. मूळ रंगासाठी चौकटीच्या कडेला एकदा करडं कार्ड धरून एक चौकट घ्या, कारण सावलीतल्या गल्लीत सगळं निळसर येतं.

बिडाच्या झाकणांसाठी ही लेन्स घेणारे विरळा, पण तिथे तिचा फार उपयोग होतो. झाकण गोल दिसायचं तर कॅमेरा जमिनीशी समांतर, थेट खाली हवा. मग चौकटीत ट्रायपॉडचे पाय आणि आपले बूट येतात. कॅमेरा १.२ मीटर उंचीवर ठेवा आणि लेन्स झाकणाच्या बाजूला पूर्ण शिफ्ट करा. झाकण कॅमेऱ्यापासून ६० सेंटिमीटर बाजूला असलं तरी चौकटीच्या मध्ये आणि पूर्ण गोल येतं. उठावाची अक्षरं वाचायला तिरपा उजेड लागतो. दुपारी टिपलेलं झाकण सपाट दिसतं.

फरशीचा तुकडा, पितळी मूठ, दाराच्या चौकटीवरचा जुना क्रमांक अशा बारीकसारीक गोष्टींसाठी लेन्स सेन्सरपासून २१ सेंटिमीटरपर्यंत फोकस करते. ०.३४ पट मोठेपणात साधारण १०६ बाय ७१ मिमीचा भाग चौकट भरतो. एवढ्या जवळ लेन्सचीच सावली पडते, म्हणून उजेड बाजूने हवा.

कुणी घ्यावी, कुणी घेऊ नये

पहिली मर्यादा अंतराची. रुंद रस्त्याच्या पलीकडून, २० मीटरवरून, या लेन्सची चौकट ३० मीटर रुंद असते. तीन मीटरची पाटी तिच्या दहाव्या हिश्शात बसते. तिथे २०१७ साली आलेली टीएस-ई ५० मिमी किंवा ९० मिमी हवी. दोन्ही मॅक्रो आहेत आणि पाटीपुरत्या नोंदीला २४ पेक्षा सरस. २४ घ्यायची ती पाटी, दुकान आणि वरचा मजला एकत्र दिसावेत म्हणून. दुसरी मर्यादा वेगाची. चालता चालता दिवसाला शंभर पाट्या टिपायच्या असतील तर ही लेन्स नको, खिशातला छोटा कॅमेराच बरा. हिचं दिवसाचं काम दहा-बारा पाट्या, पण त्या कायमच्या.

आणखी एक तोटा नोंदवहीतला. ईएफ माउंटची, म्हणजे कॅननच्या एसएलआर कॅमेऱ्यांच्या जोडणीची, ही लेन्स शिफ्ट आणि टिल्टचे आकडे फोटोच्या माहितीत लिहीत नाही. त्यामुळे सॉफ्टवेअरचं लेन्स प्रोफाइल (लेन्सचे दोष आपोआप सुधारणारी माहिती) शिफ्ट केलेल्या चौकटीला नीट लागू होत नाही आणि कोपऱ्यांचा काळोख एका बाजूला जास्त राहतो. त्यावर उपाय म्हणजे त्याच शिफ्टमध्ये लेन्सवर दुधी प्लास्टिकचा पत्रा धरून एक कोरी चौकट घ्यायची आणि तिच्यावरून मूळ चौकटीचा उजेड समतोल करायचा. शिफ्टचे मिलिमीटर वहीत लिहा आणि सोबत तारीख, दिशा, पाटीची जमिनीपासूनची उंची, मजकूर जसाच्या तसा, चुकीच्या शुद्धलेखनासकट. खालच्या कोपऱ्यात पुष्कळदा बोटभर अक्षरांत रंगाऱ्याचं नाव असतं. ते पाटीपासून वेगळं, जवळून टिपा.

पर्यायांत निकॉनची २००८ सालची पीसी-ई २४ मिमी एफ/३.५ आहे, शिफ्ट ११.५ मिमी. सॅमयांगची टी-एस २४ मिमी एफ/३.५ खूपच स्वस्त आहे, तिथेही १२ मिमी आणि ८.५ अंश मिळतात. लाओवाची १५ मिमी एफ/४.५ शिफ्ट लेन्स बोळांसाठी आकर्षक आहे, शिफ्ट ११ मिमी, टिल्ट नाही. पाट्यांना टिल्ट फारसा लागत नसल्यामुळे अरुंद गल्ल्यांत काम करणाऱ्याने तिचा नक्की विचार करावा. कॅननची लेन्स अडॅप्टर लावून आरसा नसलेल्या कॅमेऱ्यांवर उत्तम चालते, कारण ऑटोफोकस गमावण्याचा प्रश्नच नाही. अ‍ॅपर्चर विजेवर चालतं, म्हणून अडॅप्टर मात्र विद्युत संपर्क असलेलाच हवा.

महिनाभरात एखादी गल्लीच नोंदवायची असेल तर भाड्याने घ्या. आधी पाट्यांची यादी करा, कुठली पूर्वेला आणि कुठली पश्चिमेला तोंड करून आहे ते लिहा आणि मगच लेन्स आणा. जुनी विकत घेत असाल तर तीन गोष्टी तपासा. लेन्स पूर्ण वर सरकवून लॉक आवळा, कॅमेरा ट्रायपॉडवर ठेवा, पाच मिनिटांनी मोजपट्टी पुन्हा वाचा. ती हलली असेल तर लॉक झिजलं आहे. मग टिल्ट शून्यावर पक्का करून विटांच्या भिंतीची समांतर चौकट एफ/३.५ वर घ्या आणि डाव्या-उजव्या टोकाच्या विटा मोठ्या करून बघा. दोन्हीकडे विटेचा खरखरीतपणा सारखाच दिसायला हवा. शेवटी पूर्ण शिफ्टमध्ये चारही दिशांना लेन्स फिरवून तीच भिंत एफ/८ वर टिपा. एका दिशेला सतत मऊपणा येत असेल तर आतली काच कधीतरी पडण्याने सरकलेली असते, आणि अशी लेन्स कितीही स्वस्त मिळाली तरी परत करावी.